खाटेपाशी शिकवताना

मुली, मेडिसिनमध्ये एमडी झालीस, सिनियर रेसिडेन्सी संपवलीस, आणि आता असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू होते आहेस. विषय तुला येतो, त्याची मला चिंता नाही. पण शिकवायचं कसं, हे आपल्याकडे शिकवणाऱ्याला फारसं कुणी सांगत नाही. रुजू झाल्यावर मेडिकल एज्युकेशन युनिटचं प्रशिक्षण होईल, ते मन लावून कर. त्यात न सांगितलेल्या किंवा घाईत सांगून संपवलेल्या काही गोष्टी मी तुझ्या कानावर घालते. यातल्या बऱ्याच मला माझ्या गुरुजनांनी वॉर्डातच सांगितल्या. काही मागाहून वाचनात आल्या, आणि पटल्या म्हणून मी त्या आयुष्यभर वापरल्या.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगते, कारण बाकीच्या तिच्यातूनच निघतात. कमी बोल आणि जास्त बघ. विद्यार्थी पेशंटला तपासत असतो तेव्हा तू त्याच्या शेजारी उभी राहा.

आपल्याकडे क्लिनिक कसं चालतं ते तुला ठाऊक आहे. मुलं सकाळी आपापली केस घेतात, हिस्ट्री लिहितात, तपासतात. मग शिक्षक येतात, एकजण केस प्रेझेंट करतो, शिक्षक प्रश्न विचारतात आणि शेवटी स्वतः अर्धा तास त्या आजारावर बोलतात. यात सगळं होतं, फक्त विद्यार्थ्याने पेशंटला हात कसा लावला हे कुणी पाहिलेलं नसतं. तो ठणकावून म्हणतो, ‘स्प्लीन लागत नाही.’ पण त्याने हात ठेवला कुठे? डाव्या बरगडीच्या कडेलाच ठेवला असेल, तर नाभीपलीकडे वाढलेली स्प्लीन त्याच्या पंज्याखालीच राहील आणि तिची कडा त्याला कधीच लागणार नाही. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, पेशंटला खोल श्वास घ्यायला सांगायचं, आणि श्वासागणिक हात तिरका डाव्या बरगड्यांकडे सरकवायचा, हे त्याने पुस्तकात वाचलेलं असतं. विचारलंस तर तोंडपाठ म्हणूनही दाखवेल. हाताला मात्र ते ठाऊक नसतं. हे तुला त्याच्या प्रेझेंटेशनमधून कळणार नाही, त्याच्या हाताकडे पाहिलंस तरच कळेल.

जॉर्ज मिलर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने 1990 साली हीच गोष्ट चार पायऱ्यांत मांडली. माहीत असणं, कसं करायचं ते सांगता येणं, करून दाखवता येणं, आणि प्रत्यक्ष कामात रोज तसं करणं. आपला बहुतेक व्हायवा पहिल्या दोन पायऱ्यांवरच संपतो. पेशंटचं बरंवाईट मात्र चौथीवर ठरतं.

म्हणून एक नेम धर. रोज एकाच विद्यार्थ्याला, दहा-पंधरा मिनिटं, पेशंटशी बोलताना आणि तपासताना बघ. मध्ये बोलू नकोस. त्याचा हात चुकला तरी पेशंटला त्रास होत नसेल तोवर गप्प राहा. संपल्यावर बाजूला घेऊन दोन गोष्टी सांग, एक जमलेली आणि एक सुधारायची. अमेरिकेत जॉन नॉर्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये याची रीतसर पद्धत बसवली, ‘मिनी-सीईएक्स’ म्हणून ती आता आपल्या पीजी अभ्यासक्रमांतही आली आहे. तिचा एक फॉर्म असतो. तो भरायला वेळ नसेल त्या दिवशी फॉर्म सोड, बघणं सोडू नकोस. बॅचमधल्या प्रत्येकाची पाळी पोस्टिंग संपायच्या आत एकदा तरी येईल अशी यादी खिशात ठेव. हुशार मुलं आपोआप पुढे येतात, मागच्या रांगेतली मुलं यादीशिवाय तुझ्या नजरेला पडणारच नाहीत.

काय बघायचं? त्याने स्वतःचं नाव सांगितलं का. तपासायची परवानगी मागितली का. पडदा ओढला का, हात धुतले का, थंड हात पोटावर ठेवण्याआधी चोळले का. पोट दाबण्याआधी ‘दुखतं कुठे’ हे विचारून दुखरी जागा शेवटाला ठेवली का. आणि दाबताना त्याची नजर कुठे होती? पोट तपासताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावर हवी, वेदना तिथे आधी दिसते. श्वास मोजताना पेशंटला सांगून मोजला की तो श्वास बदलतो, म्हणून नाडी धरल्यासारखं करून पूर्ण मिनिटभर मोजायचा. तक्त्यावर लागोपाठ सगळ्यांचा श्वास वीस लिहिलेला दिसला, तर कुणीच मोजलेला नाही असं समज.

ऐकायला शिकवणं याहून अवघड. मायट्रल स्टेनोसिसचा मर्मर घे. आपल्या सरकारी रुग्णालयांत ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचे पेशंट अजून येतात, म्हणून हा आवाज शिकायची संधी मुलांना मिळते. पण पेशंटच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ‘ऐकू आला का?’ असं विचारलंस, तर सगळी बॅच माना डोलावेल. न ऐकू आलेलाही ‘हो’ म्हणेल, कारण मागे रांग उभी असते. तसं विचारूच नकोस. पेशंटला डाव्या कुशीवर वळव, स्टेथोस्कोपची बेल एपेक्सवर हलकी टेकव, श्वास सोडून धरायला सांग. विद्यार्थ्याचं बोट पेशंटच्या कॅरॉटिडवर ठेव आणि विचार, ‘ठोका बोटाला लागतो तेव्हा आवाज येतो की दोन ठोक्यांच्या मध्ये?’ आता त्याला हो-नाही म्हणून सुटता येत नाही. त्याला वर्णन करावं लागतं, आणि वर्णन करता करता त्याचा कान तयार होतो. ज्याला खरंच ऐकू आलं नाही त्याला ते मोकळेपणी सांगता यावं. त्याला दुसऱ्या दिवशी एकट्याला पुन्हा घेऊन जा.

आणि एका पेशंटच्या छातीवर सबंध बॅच उतरवू नकोस. चार जण पुरे. तो माणूस दम लागतो म्हणून आलेला आहे, वारंवार कुशीवर वळून त्याचा जीव मेटाकुटीला येतो. तो शिकवायला मदत करतो आहे, हे त्याचे आपल्यावर उपकार आहेत. त्याला आधी विचारायचं, ‘नाही’ म्हणाला तर कपाळावर आठी न घालता पुढच्या खाटेकडे जायचं, आणि झाल्यावर त्याच्याकडे बघून आभार मानायचे. ‘चौदा नंबरची एमएस’ असं कुणी म्हणालं की तिथल्या तिथे थांबव. आधी नाव, वय, गाव, काम. शेतमजूर बाई आहे की शिवणकाम करणारी, हे कळल्याशिवाय ‘चालल्यावर दम लागतो’ याला काही अर्थच नाही. किती चालल्यावर? डोक्यावर हंडा घेऊन की रिकाम्या हाताने?

वॉर्डात शिकवण्याची ही रीत काही जगभर पूर्वापार नव्हती. विल्यम ऑस्लर 1889 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या खोलीतून काढून वॉर्डात आणलं, त्यांच्याकडे पेशंट सोपवले, त्यांना तिथलं काम करायला लावलं. वॉर्डात विद्यार्थी उभे करण्याच्या रीतीत त्यांचा मोठा वाटा आहे. पण त्यांचा भर काम करत शिकण्यावर होता. आपण अनेकदा व्याख्यानच उचलून खाटेपाशी नेतो.

आता प्रश्नांविषयी. ओपीडीत समोर रांग असते, तरी शिकवणं जमतं. अमेरिकेतल्या कुटुंबवैद्यांनी 1992 मध्ये एक छोटी पद्धत मांडली, ‘वन मिनिट प्रिसेप्टर’. नाव विसरलीस तरी चालेल, क्रम लक्षात ठेव. समज, बासष्ट वर्षांचे काका रात्री धाप लागते म्हणून आले. विद्यार्थ्याने तपासलं आणि तुझ्याकडे आला. लगेच निदान सांगू नकोस. विचार, ‘तुला काय वाटतं?’ तो म्हणेल, दमा. चूक असलं तरी त्याने एका निदानावर बोट ठेवलं, हे महत्त्वाचं. मग विचार, ‘कशावरून?’ तो म्हणेल, छातीत सूं सूं आवाज आहे. ‘आणखी काय असू शकेल? ते नाही हे कशावरून ठरवलंस?’ इथे त्याच्या लक्षात येईल की आडवं झाल्यावर धाप वाढते का, पायाला सूज आहे का, हे त्याने विचारलंच नाही. मग एकच नियम दे: साठीच्या पुढे पहिल्यांदा सुरू झालेला दमा दिसला की तो हृदयाचा नाही ना, हे आधी बघायचं. एकच. हार्ट फेल्युअरचा अख्खा धडा तिथे उघडू नकोस. शेवटी सांग, ‘आवाज नीट ओळखलास, श्वास सोडताना जास्त आहे हेही बरोबर, मानेच्या शिरा मात्र पाहिल्या नाहीस, चल, आता दोघं मिळून पाहू.’ नुसतं ‘छान’ म्हणून काही शिकवलं जात नाही. काय छान, ते सांग.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शिक. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने पन्नास वर्षांपूर्वी वर्गावर्गांत ध्वनिमुद्रण करून पाहिलं, तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, आणि गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद वॉर्डात फार लांब वाटतात. मनात आकडे मोज.

आणि पेशंटसमोर, बॅचसमोर कुणाचा पाणउतारा करू नकोस. ‘तुला एमबीबीएसला घेतलं कुणी’ ही भाषा आपल्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि ‘आम्हीही असंच शिकलो’ म्हणून तिचं कौतुकही होतं. मला ते कधीच मान्य झालं नाही. घाबरलेला विद्यार्थी न आलेलं लपवायला शिकतो. हीच सवय घेऊन तो इंटर्न होतो, आणि रात्री दोन वाजता इन्सुलिनचा डोस चुकला तर कुणाला सांगत नाही. चूक लगेच सांगणारा ज्युनियर आपल्या युनिटमध्ये हवा असेल, तर ‘मला येत नाही’ हे तिसऱ्या वर्षीच निर्धास्तपणे म्हणता आलं पाहिजे. शिस्त हवीच. उशीर, आळस, पेशंटशी उर्मट बोलणं यावर कडक राहा, पण बाजूला नेऊन.

हातांचं कौशल्य शिकवताना रॉडनी पेटन या सर्जनची चार पावलांची रीत मला फार उपयोगी पडली. आधी न बोलता, नेहमीच्या वेगाने करून दाखव. मग सावकाश, प्रत्येक पायरी सांगत. तिसऱ्या वेळी तू कर, पण पायऱ्या विद्यार्थ्याने सांगायच्या. चौथ्या वेळी तो करेल आणि तोच सांगेल. तिसरं पाऊल बहुतेक जण गाळतात, आणि खरी समज तिथेच कळते. सीपीआरसारखी गोष्ट पुतळ्यावर पक्की करून घे. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत हात थकतो, हे पुतळ्यावर कळलेलं बरं. सलाइन लावणं, नाकातून नळी घालणं हेही आधी स्किल लॅबमध्ये, मग माणसावर, आणि तिथेही कुणाच्या तरी नजरेखाली.

ती नजर दर वेळी तुझीच असायला हवी असं नाही. सलाइन लावणं वॉर्डातल्या सिस्टरांइतकं चांगलं आपल्याला येत नाही. त्यांची वेळ बघून, मानाने विचार, ‘सिस्टर, या दोघांना दाखवाल का?’ आणि त्या शिकवत असतील तेव्हा तूही तिथे उभी राहून ऐक. मुलं आपलं वागणं बघून शिकतात. डॉक्टरने सिस्टरांकडून, फिजिओथेरपिस्टकडून, लॅबच्या टेक्निशियनकडून शिकायचं असतं, हे त्यांना व्याख्यानातून पटणार नाही. पॅरालिसिसच्या पेशंटला खाटेवरून खुर्चीत कसं बसवायचं हे फिजिओच्या मुलांबरोबर एकदा करू दे. नर्सिंगच्या विद्यार्थिनी त्याच वॉर्डात असतात. एकाच पेशंटवर दोघांनी मिळून बोलायला काय हरकत आहे?

भाषा. राज्याबाहेरून आलेली मुलं तुझ्या बॅचमध्ये असतील, आणि शहरी मराठी मुलांनाही गावाकडचा पेशंट काय म्हणतो ते कळत नाही. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे लकवा, आणि ‘अंगावरून जातं’ म्हणजे पूर्ण वेगळी तक्रार. ‘कणकण’, ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीत भरून येतं’, ‘कावीळ उतरवून घेतली’, हे सगळे हिस्ट्रीतले धागे आहेत. प्रत्येकाला एक छोटी वही करायला लाव, पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, शेजारी अर्थ. खानदेशात अहिराणी, विदर्भात वऱ्हाडी, गडचिरोलीत गोंडी ऐकावी लागते. जिथे आपल्याला येत नाही तिथे नातेवाइकांची, वॉर्डातल्या मावशींची मदत घ्यायची. प्रेझेंटेशनमध्ये आधी पेशंटचं वाक्य, मग डॉक्टरी शब्द, असा क्रम लावलास तर विद्यार्थी ऐकायला लागतात.

वाईट बातमी कशी सांगायची, हे मात्र खऱ्या नातेवाइकांवर प्रयोग करून शिकवू नकोस. हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 साली कॅलिफोर्नियात पेशंटची भूमिका करणारी माणसं तयार करून शिकवायला सुरुवात केली. आपल्याला त्यासाठी नटही लागत नाहीत. एका विद्यार्थ्याला मुलगा कर, एकीला सून कर, एकाला डॉक्टर. ‘आईला कॅन्सर आहे हे आईला सांगू नका’ असं मुलगा म्हणतो, तिथून सुरू कर. आपल्या घराघरांत हे घडतं, त्यामुळे मुलं पटकन त्यात शिरतात आणि त्यांना डॉक्टरच्या खुर्चीत काय जड जातं ते कळतं. एटकॉमच्या, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवादाच्या, तासांना हेच करता येतं. त्या तासाला स्लाइड दाखवणं म्हणजे तो तास वाया घालवणं.

लेक्चरबद्दल थोडक्यात. स्लाइड कमी, फळा जास्त, आणि मध्ये दोनदा थांबून प्रश्न. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने पाहिलं तर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे असतात. म्हणून तास संपताना वह्या मिटायला लाव आणि कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहून घे. पुढच्या आठवड्यात त्याच पुन्हा विचार. गुण देऊ नकोस.

लॉगबुकबद्दल मात्र मी ठाम आहे. 2019 च्या बॅचपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला, आणि त्याबरोबर प्रत्येक कौशल्यापुढे शिक्षकाची सही आली. टर्मच्या शेवटी लॉगबुकांचा गठ्ठा टेबलावर आणून एका बैठकीत सह्या उरकलेल्या मी पाहिल्या आहेत. तू तसं करू नकोस. सही म्हणजे ‘मी याला हे करताना पाहिलं आणि याला ते येतं’ अशी तुझी साक्ष. उद्या हा मुलगा एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा असेल, आणि त्या गावाने तुझ्या सहीवर विश्वास टाकलेला असेल. न पाहिलेल्या रकान्यात सही नको, कुणी कितीही घाई केली तरी.

बघण्याचं मोल मुलांना सांगायचं असेल तर डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण दे. 1976 च्या सुमारास ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं, त्यातही लहान मुलं दगावत होती. ते पेशंटच्या खाटेशी तासन्‌तास बसले, नाडी, रक्तदाब, घाम, गार पडलेले हातपाय, श्वास, सगळं टिपत राहिले. मृत्यू फुफ्फुसांत पाणी भरून, हृदय कोलमडून होतो हे त्यांनी नीट नोंदवलं, पुढे प्राझोसिन वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. मोठ्या यंत्रांचा त्या कामात काही वाटा नव्हता. ग्रामीण पोस्टिंगला शिक्षा समजणाऱ्या मुलांना हे जरूर सांग. सेवाग्रामच्या कॉलेजात 1969 पासून मुलं दत्तक गावातल्या कुटुंबांमध्ये जाऊन शिकत आली आहेत, आता कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम सगळ्याच कॉलेजांत आला आहे. त्या भेटींना मुलांना एकटं पाठवू नकोस, तूही जा.

शेवटी एक विनंती, ती तुझ्या निमित्ताने विभागप्रमुखांना आणि अधिष्ठात्यांना आहे. नव्या शिक्षकाला क्लिनिकच्या वेळेत पोर्टलवर माहिती भरायला, तपासणी पथकाच्या फाइली लावायला किंवा बैठकीला बोलावू नका. खाटेपाशी विद्यार्थ्याला बघायला लागणारी पंधरा मिनिटं आधी तिथेच कापली जातात. ती कामं दुपारनंतर ठेवता येतात. वॉर्डातला पेशंट, शिकायला आलेली मुलं आणि शिकवणारा माणूस हे तिघं एकत्र असण्याची वेळ दिवसात एकदाच येते, तेवढी मोकळी ठेवा.